जादा जमा

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत मी एकोणीस वर्षं काचेमागे बसून पैसे मोजले. खिडकी नंबर दोन. लोक मला त्याच नावाने ओळखायचे आणि मीही लोकांना माझ्या सोयीची नावं ठेवली होती. एक गृहस्थ प्रत्येक नोट हातावेगळी करताना सुस्कारा सोडायचे, ते 'सुस्कारे'. एक बाई दर वेळी सहीसाठी पेन मागायची आणि घेऊन जायची, ती 'पेन'. आणि एक होती 'सात तारीख'. ही गोष्ट तिची आहे. मध्ये मध्ये मला माझंही सांगावं लागणार आहे, पण ते हौसेने नव्हे.

सात तारीख एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात कामाला होती. तळघरात रोज हजार-बाराशे चादरी. धुण्याचं काम मशीनचं, पण नंतरचं माणसांचं. तापलेल्या रुळांमध्ये एका बाजूने ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन येते, मग दोघींनी चार टोकं धरायची, एक झटका, एक घडी, दुसरा झटका, दुसरी घडी. रुळाची कड मनगटाला लागते. तिच्या दोन्ही मनगटांवर भाजल्याच्या आडव्या रेघा होत्या, काही जुन्या, काही त्याच आठवड्यातल्या. अकरा वर्षं तिने हे काम केलं होतं आणि कागदाचीही घडी ती तशीच घालायची. पावती हातात पडली की टोकाला टोक, कडेला कड, वरून अंगठा फिरवून मगच पाकिटात.

तिचा नवरा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. अक्षर असं की लांबून छापील वाटावं. एक दिवस शिडी सरकली, तो पाठीवर पडला, आणि पाठीच्या ऑपरेशनला दीड लाखाचं कर्ज निघालं. बायको इस्पितळात कामाला, मग ऑपरेशन फुकट नाही का होत, असं मीही तेव्हा मनात म्हटलं होतं. नाही होत. चादरी घडी करणाऱ्या कंत्राटावर होत्या. पाच वर्षांची मुदत, दरसाल अठरा टक्के, महिन्याला हप्ता तीन हजार आठशे नऊ. जामीन म्हणून तिच्या धाकट्या जावेने सही केली होती. ती एका शाळेत शिपाई होती, पगार पक्का.

पहिला हप्ता भरायला ती आली तो दिवस मला लख्ख आठवतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मी उलटं बोलणार आहे. दुपारचा सव्वा वाजला होता, दीडला आमची जेवणाची सुट्टी, मागे सात-आठ माणसांची रांग. तिने नोटा काचेखालून सरकवल्या. सगळ्या एका तोंडाने लावलेल्या, कान सरळ केलेले.

"मॅडम, हप्ता तीन हजार आठशे नऊ आहे ना? मी पाच हजार भरले तर चालतील?"

"भरा की. चांगलंच आहे."

"म्हणजे कर्ज लवकर फिटेल?"

"जास्त भरलं की लवकरच फिटणार," मी म्हणाले.

मी शिक्का मारला. पावतीवर दोन ओळी उमटल्या: हप्ता तीन हजार आठशे नऊ, आणि खाली जादा जमा अकराशे एक्क्याण्णव. तिने घडी घातली, 'बरं झालं विचारलं' असं काहीतरी पुटपुटली आणि गेली. मी डबा उघडला.

आता ही जादा जमा म्हणजे काय, ते सांगते. हप्त्यावर कुणी चार पैसे जास्त भरले तर ते आपोआप मुद्दलातून वजा होत नसत. ते बाजूला पडून राहायचे. त्यांना व्याज नाही. आणि मुद्दल जिथल्या तिथे, त्याच्यावर व्याज चालूच. जास्तीचे पैसे मुद्दलातून कापून घ्यायचे असतील तर एक अर्ज होता, एका पानाचा, सहा ओळींचा. एकदा भरून दिला की काम झालं. तो माझ्या तिसऱ्या खणात असायचा. सोबत वरून आलेलं परिपत्रक: 'सदर अर्ज ग्राहकाने स्वतःहून मागणी केल्यासच देण्यात यावा.' ज्याला माहीतच नाही तो मागणार कसा, हा प्रश्न ज्याने ते परिपत्रक लिहिलं त्याला पडला नसेल असं नाही. चांगला पडला असणार. म्हणून तर 'स्वतःहून' हा शब्द घातला. केसाने गळा कापायचा, आणि केस सरळ आहे ना ते आधी बघून घ्यायचं.

मी त्या दिवशी खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. मला भूक लागली होती. पण सातव्या महिन्यात मी स्वतः घेतलेल्या कर्जावर थोडे पैसे जास्तीचे भरले आणि त्याच तिसऱ्या खणातून तोच अर्ज काढून सहा ओळी भरल्या. माझं व्याज कमी झालं. आठव्या महिन्याच्या सात तारखेला ती समोर उभी राहिली तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं. पण सांगायचं तर मागच्या सात महिन्यांचंही सांगावं लागणार. शिवाय शाखेचे साहेब मागेच उभे होते. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी आठ महिन्यांचं झालं. मग नवाचं. दर महिन्याला सांगणं आणखी जड होत गेलं आणि एक वेळ अशी आली की मला सात तारखेचा रागच यायला लागला. कशाला येते ही बया दर महिन्याला न चुकता, एवढा विश्वास टाकायला सांगितलंय कुणी. आपण ज्याचं वाईट करतो त्याच्यावरच आपण डाफरतो, हे मी काचेमागे बसून शिकले.

चाळीस महिने ती आली. एकदाही आठ तारीख झाली नाही. इस्पितळाच्या जेवणाच्या सुट्टीत दोन बसथांबे चालत यायची आणि चालत परत जायची.

एकेचाळिसाव्या महिन्यात ती एकटी आली नाही. सोबत नवरा होता, कमरेला पट्टा, हातात काठी, दाढी केलेली, शर्टाला इतकी कडक इस्त्री की बाह्यांना धार. मी त्याला पहिल्यांदा बघत होते. दोघं लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती.

"मॅडम, आज शेवटचे," ती म्हणाली. "सातशे शहात्तर. घ्या, आणि कर्ज फिटल्याचा कागद द्या."

"सातशे शहात्तर कुठून आले?"

उत्तर नवऱ्याने दिलं. त्याने एका गणिताच्या सरांच्या शिकवणीची पाटी रंगवली होती, सरांनी त्याला व्याजासकट सगळं मांडून दिलं होतं. दर महिन्याला पाच हजार भरले तर चाळीस हप्ते आणि वर एवढेच. सरांचा कागद त्याने काचेला लावून दाखवला. मी तो वाचला. सरांचं गणित पैशाचाही फरक न करता बरोबर होतं. फक्त सरांना आमच्या तिसऱ्या खणाची माहिती नव्हती.

माझ्या समोरच्या पडद्यावर आकडा होता: अठरा हजार सातशे छत्तीस. मी तो वाचून दाखवला. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला आजही नवल वाटतं.

ती ओरडली नाही. तिने पाकिटातून चाळीस पावत्या काढल्या, घड्या उलगडल्या आणि काचेखालून पहिली पावती सरकवली. "हे जादा जमा म्हणजे काय? कुठे जमा?"

मी त्यांना साहेबांकडे पाठवलं आणि मागोमाग गेले, कारण साहेबांनी बोलावलं. साहेब गोड बोलायचे. त्यांचा गोडवा असा की ऐकताना बरं वाटायचं आणि घरी गेल्यावर पोटात दुखायचं.

"तुमचे सत्तेचाळीस हजार सहाशे चाळीस आमच्याकडे अगदी सुरक्षित आहेत, ताई. ते वजा करूनच हा आकडा निघालाय."

"त्याच्यावर मला व्याज मिळालं का?"

"जादा जमेवर व्याज देण्याची पद्धत नाही."

"आणि माझ्याकडून तुम्ही घेतलं ते?"

"ते करारानुसार."

"म्हणजे माझे पैसे तुमच्याकडे फुकट राहिले आणि तुमचे माझ्याकडे विकत."

साहेब हसले. म्हणाले, मुदतीआधी कर्ज फेडल्याचा दंड असतो, पण तुमची परिस्थिती बघून तो मी माफ करायला लावतो. कर्ज लवकर फेडण्याचा दंड. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी तेव्हा मूग गिळून उभी होते, तेव्हा माझ्या आगीला विचारतो कोण.

तिने माझ्याकडे बोट केलं. "पहिल्या दिवशी मी या मॅडमना विचारलं होतं. जास्तीचे भरले तर लवकर फिटेल का म्हणून. त्या हो म्हणाल्या."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, यांनी असं विचारलं होतं का?"

"मला आठवत नाही," मी म्हणाले. "रोज दीडशे माणसं येतात."

नवरा म्हणाला, "चल." पावत्या परत एकावर एक लावायला तिला बराच वेळ लागला. सातशे शहात्तर काउंटरवरच राहिले होते, ते आमचा शिपाई धावत जाऊन देऊन आला.

चार दिवस मी घरी सगळ्यांवर खेकसले. तिच्या कर्जाच्या कागदांवरून पत्ता घेतलेला होता, तो शोधत रविवारी सकाळी गेले. पर्समध्ये एका पाकिटात आठ हजार होते. माझ्या शिल्लकीतले. तेवढ्यात आपली सुटका होईल अशी माझी कल्पना होती.

दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. दार जावेने उघडलं. ती जाऊ आहे हे तिने स्वतःच सांगितलं, आणि ज्या सुरात सांगितलं त्यात 'तू कोण' हेही आलं. मी सांगितलं.

"अच्छा, त्या खिडकीतल्या तुम्ही. या, या. जाऊबाई, बघा कोण आलंय. आठवत नाही म्हणणाऱ्या बाई आल्यात. घर बरं आठवलं."

सात तारीख जमिनीवर बसून उशांचे अभ्रे शिवत होती. घरच्या कपड्यांत ती लहानखुरी दिसत होती. नवरा भिंतीला टेकून बसला होता, तो उठायला लागला तर ती म्हणाली, "तुम्ही बसा. त्यांच्यासाठी कंबर मोडू नका."

समोर लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या दारावर तेलरंगात चाळीस चौकोन. प्रत्येकात आकडा, दुकानाच्या पाटीवर असतो तसा, खाली सावली दिलेला. एक महिना गेला की एक चौकोन हिरवा. चाळीसच्या चाळीस हिरवे झाले होते. खाली पेन्सिलीने अक्षरं आखून ठेवली होती: फिटलं. रंग भरायचा राहिला होता. मला ते कपाट बघवेना आणि दुसरीकडे बघायला त्या खोलीत जागा नव्हती.

"बघा ना, नीट बघा," जाऊ म्हणाली. "हे चाळीस कसे रंगले ते सांगू? दूध अर्धा लिटरवर आणलं. भावजी कुकरची एक शिट्टी झाली की तो उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवतात, उरलेलं आपोआप शिजतं, सिलिंडर पंधरा दिवस जास्त जातो. फोन एकच, तो भावजींकडे. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत ही चिकट म्हणून नाव झालं, कारण कुणाच्या लग्नाला आहेर नाही, म्हणून जाणंच नाही. चपलेला तीन वेळा तळ लावलाय. आणि हे बघा." तिने जावेच्या गालाला बोट लावलं. "तोंड उघडा, जाऊबाई."

"पुरे झालं गं."

"दाढ किडली. भरायला नऊशे सांगितले. उपटायला इस्पितळात फुकट. भरून वाचली असती ती दाढ हिने उपटून घेतली आणि तुमच्या खिडकीत पाच हजार भरून आली. त्यातले अकराशे एक्क्याण्णव तुम्ही कुठे ठेवलेत म्हणे? सुरक्षित?"

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. जावेचा, साहेबांचा, परिपत्रकवाल्याचा, त्या दाढेचा. मी पाकीट काढून जमिनीवर ठेवलं आणि म्हटलं, यात आठ हजार आहेत, माझ्याकडून.

सात तारखेने सुई अभ्र्यात टोचून ठेवली. "हे उचला."

"ताई, माझ्याकडून चूक झाली, म्हणून—"

"चूक झाली हे आठवतंय ना? मग तेच कागदावर लिहून द्या. मी मुख्य कार्यालयात तक्रार केलीय. ते विचारायला येणार आहेत. तुम्ही फक्त खरं सांगा. मला तुमचे पैसे नकोत, माझे हवेत."

मग तिने मला शांतपणे गणित सांगितलं. इस्पितळाने धुलाईचं काम बाहेरच्या कंपनीला दिलं होतं. तळघरातल्या सगळ्या बायकांना दोन महिन्यांची नोटीस. त्यातले सात दिवस गेले होते. दोन महिन्यांनी तिचा पगार बंद. तोपर्यंत कर्ज मिटलं नाही तर हप्ते थकणार आणि जावेच्या पगारातून कापले जाणार. जावेला दोन मुलं होती. तिचा नवरा, म्हणजे सात तारखेचा दीर, या सहीवरून आठवडाभर बायकोशी बोलला नव्हता.

"हिने माझ्यासाठी घरात भांडण घेतलं," ती म्हणाली. "चाळीस महिने मी फक्त एवढंच डोक्यात ठेवलं की हिची सही हिला परत द्यायची. माझं काय व्हायचं ते होवो. हिच्या पगाराला हात लागता कामा नये."

"माझी नोकरी जाईल," मी म्हणाले.

"माझी गेलीच आहे."

मी पाकीट उचललं. जिना उतरताना मला वरून जावेचा आवाज ऐकू आला, "काही सांगणार नाही ती, लिहून ठेवा." तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

मुख्य कार्यालयातले अधिकारी यायला पाच आठवडे लागले. पाच आठवडे म्हणजे तिच्या हिशेबाने जवळजवळ सगळाच वेळ. आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावून चहा पाजला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

"मॅडम, तुम्ही आधी जे म्हणालात तेच म्हणा. आठवत नाही. आठवत नाही म्हणणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. आणि नियमाप्रमाणे तर तुम्ही वागलातच."

"तो नियम कुणी केला, साहेब?"

"नियम वरून येतात."

"वर कोण आहे?"

"तुमच्या निवृत्तीला किती वर्षं राहिली?" साहेबांनी विचारलं. गोड आवाजात.

अधिकारी बारीक अंगाचे होते, खोकल्याची गोळी चघळत होते. टेबलाच्या एका बाजूला ती बसली होती, कामावरून तशीच आलेली, मनगटावर ताजी रेघ. दुसऱ्या बाजूला मी. त्यांनी छापील प्रश्न वाचला: सदर ग्राहकाने जादा रकमेबाबत आपणाकडे तोंडी विचारणा केली होती काय?

मला दोन मुलगे आहेत. घराचं कर्ज आहे. हे सगळं मला तेव्हा आठवलं, आणि त्याच वेळी चिडून मनात आलं की हिलाही काही ना काही होतंच की. मी म्हणाले, "हो. पहिल्याच दिवशी. सव्वा वाजता. लवकर फिटेल का असं विचारलं. मी म्हणाले, फिटेल."

अधिकारी गोळी चघळायचे थांबले.

"अर्जाबाबत आपण त्यांना माहिती दिली होती काय?"

"नाही. अर्ज माझ्या तिसऱ्या खणात होता. मला तो चांगला माहीत होता, कारण माझ्या स्वतःच्या कर्जासाठी मी तो भरला होता. सातव्या महिन्यात. फाईल मागवा, सापडेल. आणि परिपत्रक पण मागवा. त्यात लिहिलंय, मागितल्याशिवाय द्यायचा नाही. ते पण लिहून घ्या."

"परिपत्रकाचा विषय या चौकशीत येत नाही," अधिकारी म्हणाले.

"मग कुठल्या चौकशीत येतो?"

त्यांनी माझा जबाब लिहून घेतला आणि मी सही केली. परिपत्रकाची ओळ त्यांनी घेतलीच नव्हती. मी सहीच्या वर, उरलेल्या जागेत, ती माझ्या हाताने लिहिली. सात तारीख माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आभार वगैरे काही नव्हते. चाळीस महिन्यांनी सांगितल्याबद्दल आभार कसले मानायचे, आणि तिने ते मानले नाहीत म्हणून मला तिच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.

निकाल तिसऱ्या आठवड्यात आला. तिच्या पगाराचे दोन दिवस उरले होते. जास्तीचे पैसे पहिल्या महिन्यापासून मुद्दलातून वजा झाले असं धरून हिशेब पुन्हा केला गेला, आणि बाकी निघाली सातशे शहात्तर. ती ते भरायला शेवटच्या दिवशी आली तेव्हा सोबत जाऊ होती. मी पैसे घेतले, शिक्का मारला, कर्ज फिटल्याचा कागद आणि जामीन मोकळा झाल्याचं पत्र काचेखालून दिलं. जावेने आपलं पत्र दोनदा वाचलं, चौकोनी घडी घालून ब्लाऊजमध्ये खोचलं आणि डोळे पुसले. मग कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

सात तारीख मात्र जागची हलली नाही. ती वाचत होती. त्या एका प्रकरणानंतर ती कागदाची शेवटची ओळही सोडत नव्हती.

"इथे लिहिलंय, 'फरकाची रक्कम सतरा हजार नऊशे साठ संबंधित कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यात येईल.' संबंधित कर्मचारी कोण?"

"मी."

"आणि कंपनीचं किती गेलं?"

"काही नाही."

"तुमच्या साहेबांचं?"

"काही नाही."

"तो कागद पाठवणाऱ्याचं?"

मी नुसती मान हलवली. मागच्या रांगेत एकाने घसा खाकरला.

"चला, जाऊबाई," जाऊ म्हणाली. "आपलं काम झालं. गप्प बसून राहिली चाळीस महिने, भरू दे आता तिला. कळेल हप्ता काय असतो ते."

"गप्प बसली त्याचं तिने भरावं. ते मला मान्य आहे," सात तारीख म्हणाली. तिचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत त्या खिडकीत मी तो पहिल्यांदा ऐकत होते. "पण मी तक्रार तिच्यावर केली नव्हती. मी कंपनीवर केली होती. त्यांनी माझे पैसे वापरले, आणि आता परत द्यायची वेळ आली तर दुसऱ्या एका बाईच्या पगारातून काढून मला देतायत, आणि वर माझ्याच तक्रारीवरच्या सहीने. मी अशा पैशाने मोकळी झाले म्हणून सांगू लोकांना?"

"अहो, तुम्हाला उद्यापासून काम नाही," जाऊ म्हणाली. "आता कुठे दुसऱ्याची लढाई अंगावर घेता?"

"काम नाही म्हणूनच. मला वेळ आहे."

ती माझ्याकडे वळली. "तक्रारवही द्या, मॅडम."

मला तिचा इतका राग आला की माझे कान गरम झाले. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. पैसे कापले जात होते ते मला पचत होते, कारण ते माझे होते आणि मी ते कमावले होते. पण हिने माझ्यासाठी भांडावं, आणि तेही माझ्याकडे वही मागून, हे मला सोसवत नव्हतं. साहेब केबिनच्या काचेतून बघत होते. मी खणात हात घातला, वही काढली, पेन काढलं आणि दोन्ही काचेखालून सरकवलं.

तिने पान उघडलं, तळहाताने ते सपाट केलं आणि तारीख घातली.

"तुमच्या पगारातून महिन्याला किती कापणार आहेत?" तिने वर न बघता विचारलं.

"एक हजार सातशे शहाण्णव," मी म्हणाले. "दहा महिने."

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "मला अक्षरी लिहायचंय."